रात्रपाळीतील एकटी माणसे

रडणाऱ्या बाळाची फारशी चिंता नको. जे बाळ अगदी गप्प आहे, त्याच्याकडे आधी धाव घ्या, असे मी आजवर अनेक शिकाऊ डॉक्टरांना सांगत आले आहे. अपुऱ्या दिवसांचे बाळ श्वास घेता घेता मध्येच थांबते. हा खंड २० सेकंदांहून लांबला की त्याला आपण ‘ॲप्निया’ म्हणतो. त्या क्षणी बाळ मदतीसाठी ओरडू शकत नाही. म्हणूनच त्याच्या उशाशी असलेले यंत्र श्वास थांबल्यावर आपण होऊन वाजते. अर्भकांच्या बाबतीत रोज पाळलेले हे तत्त्व माझ्याच कर्मचाऱ्यांना लावण्याचे मला बरीच वर्षे सुचले नाही, ही कबुली प्रथम द्यावीशी वाटते.

इंदुरात माझे लहानसे बालरुग्णालय आहे. रात्री वरच्या मजल्यावर एक परिचारिका आणि खाली दाराशी चौकीदार, एवढाच कर्मचारीवर्ग. काही वर्षांपूर्वी एका पावसाळी रात्री आमच्या ज्येष्ठ सिस्टर मागच्या स्टोअररूममध्ये सलाईनच्या बाटल्या आणायला गेल्या आणि ओल्या फरशीवर घसरल्या. मांडीचे हाड मोडले. पावसाच्या आवाजात त्यांची हाक विरून गेली. मोबाइल टेबलावर राहिलेला आणि धोक्याची घंटाही त्याच टेबलाखाली बसवलेली! सुमारे तासाभराने एका बाळाचे वडील सलाईन संपत आले म्हणून शोधत निघाले, तेव्हा त्या सापडल्या. स्ट्रेचरवर घेताना त्यांनी मला विचारले, “मॅडम, तीन नंबरचं सलाईन बदललं ना?” त्या प्रश्नाने मी खजील झाले.

एकटेपणाचे धोके आपल्या व्यवसायाला नवे नाहीत. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या तळघरात परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात रात्रपाळीवरील तरुण डॉक्टरची अत्याचार करून हत्या झाली. सर्वोच्च न्यायालयाने त्यानंतर राष्ट्रीय कृतिदल नेमले. केवळ एखाद्या घंटेने हे गुन्हे टळले असते, असे मी म्हणणार नाही. परंतु दोन्ही वेळा सकाळ उजाडेपर्यंत कुणाला काही कळले नाही, ही गोष्ट मनातून जात नाही.

अपघातानंतर मी बाजारात चौकशी केली. विक्रेत्यांचा पहिला आग्रह कॅमेऱ्यांचा. पण पडद्यासमोर कुणी बसलेले नसेल, तर कॅमेरा घडलेले फक्त नोंदवून ठेवतो. शिवाय स्तनपान करणाऱ्या मातांच्या कक्षात तो लावताही येत नाही. दुसरा पर्याय, माणूस पडल्याचे स्वतः ओळखून संदेश पाठवणारे उपकरण. कल्पना उत्तम, परंतु त्याचे मासिक शुल्क आमच्यासारख्या लहान रुग्णालयाला जड. तिसरा, गळ्यात अडकवायची बिनतारी घंटा. ती स्वस्त असते आणि जिथे जाल तिथे सोबत येते. मात्र बेशुद्ध माणूस तीही दाबू शकत नाही.

शेवटी आम्ही ती घंटा घेतली आणि तिला एका बिनखर्चाच्या नियमाची जोड दिली. दर तासाला सिस्टर इंटरकॉमवरून चौकीदाराशी बोलतात. ठरल्या वेळेनंतर १० मिनिटांत फोन आला नाही, तर चौकीदार वर जातो. चौकीदार फोन उचलत नसेल, तर सिस्टर माझ्या घरी फोन करतात. कारण तोही तिथे एकटाच असतो. घंटेचा आवाज स्टोअररूम, जिना आणि गच्चीवरून खाली पोहोचतो की नाही, हे दर महिन्याला तपासतो. १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइलमध्ये धोक्याच्या बटणाची सोय बंधनकारक आहे. आपल्या फोनवर ती कशी चालते आणि ११२ क्रमांक कसा लावायचा, हेही प्रत्येकाला दाखवून ठेवले आहे.

प्रारंभी कुरकुर झाली. “मॅडमना आमची झोप मोजायची आहे,” असे कानावर आले. त्यात त्यांची काही चूक नव्हती; पाळत आणि पाळणूक यांतील अंतर मालकानेच राखायचे असते. फोनच्या नोंदीचा पगाराशी किंवा हजेरीशी संबंध राहणार नाही, असे मी लिहून दिले. फोन विसरला म्हणून रागवायचे नाही, आणि चौकीदाराला जिना फुकट चढावा लागला तरी त्याने चिडायचे नाही, हेही ठरले. उगाच वाजणाऱ्या यंत्राचा आवाज वैतागून बंद केला जातो, हे आपण अतिदक्षता विभागात पाहतोच.

एकदा रात्री दोन वाजता घरचा फोन वाजला. चौकीदार उत्तर देत नव्हता. मी तशीच धावत गेले. पाहते तो उंदराने इंटरकॉमची तार कुरतडलेली आणि चौकीदार दाराशी व्यवस्थित उभा! सिस्टर ओशाळून माफी मागू लागल्या. मी म्हटले, “असा फोन शंभरदा करा.”

घसरलेल्या त्या सिस्टर आता दिवसपाळीत काम करतात आणि ही नोंदवही त्याच सांभाळतात. माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना माझी एकच विनंती आहे. यंत्राची किंमत विचारण्यापूर्वी स्वतःला विचारावे: आज रात्री माझ्याकडे कोण एकटे आहे, आणि ते माणूस गप्प झाले, तर किती मिनिटांत कुणाला कळेल?