सोसायटीचा जुना लॅपटॉप: टाकायचा, की नवी सिस्टम घालायची?



१४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे मोफत अपडेट थांबवले. लॅपटॉप बंद पडत नाही, पण सुरक्षेतली नवी भोकं कोणी बुजवत नाही. जादा मुदतीसाठी नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. आपल्याकडे त्याच लॅपटॉपवर बँकेचं खातं, डिझेल सबसिडीचे कागद आणि सभासदांचे आधार नंबर असतात. म्हणून "चालतंय ना, चालू द्या" म्हणून भागत नाही.

विंडोज ११ बसेल का?
सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट इथे प्रोसेसरचं नाव दिसतं. इंटेलचा आय-५ ८२५० असेल तर तो आठव्या पिढीचा, ७२०० असेल तर सातव्या. मायक्रोसॉफ्टला साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतो. कमीत कमी रॅम ४ जीबी सांगितली आहे, पण कामाला ८ बरी. जुन्या मशीनवर जुगाड करून ११ घालून देणारे भेटतात, पण तिथे पुढचे अपडेट येतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

नाही बसत? मग काम बघा.
होडीचं इंजिन आपण काम बघून निवडतो, इथेही तसंच.

टॅली चालवता, किंवा डिजिटल सहीचं टोकन लावता? मग विंडोजच ठेवा. टॅली विंडोजसाठी बनलेली आहे आणि टोकन दुसरीकडे चालेलच असं नाही. तो खर्च टाळू नका.

फक्त ब्राउझरचं काम आहे? इन्कॉइसची मासळी क्षेत्राची सूचना, हवामान, बोट नोंदणीचं पोर्टल, ईमेल, एवढंच? मग गूगलचं क्रोमओएस फ्लेक्स पुरतं. मोफत आहे, रॅम ४ जीबी हवी.

पत्रं, हिशेबाचे तक्ते, छपाई असं मिश्र काम आहे? मग लिनक्स मिंट, त्यातली एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. हीसुद्धा मोफत. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. सोबत लिब्रेऑफिस येतं, त्यात वर्ड-एक्सेलच्या फाइल्स उघडतात. मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक सेटिंगमधून जोडता येतो. समुद्राचे नकाशे दाखवणारं ओपनसीपीएन पण त्यावर चालतं.

आधी पेन ड्राइव्हवर चालवून बघा.
मिंट ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवरून चालू होतं, लॅपटॉपमधलं काही पुसलं जात नाही. जरा हळू चालेल, ते पेन ड्राइव्हमुळे. तासभर बसा आणि वायफाय, आवाज, प्रिंटर, मराठी टायपिंग, बँकेची साइट सगळं तपासा. स्क्रीनवर 'इन्स्टॉल' लिहिलेलं चित्र दिसेल, त्याला इतक्यात हात लावू नका.

पुसण्याअगोदर
सगळ्या फाइल्सच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. सभेची जुनी इतिवृत्तं श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील तर ते फॉन्टही कॉपी करा आणि प्रत्येक इतिवृत्ताची पीडीएफ काढून ठेवा. नाहीतर फाइल उघडेल, पण मराठीच्या जागी भलतीच अक्षरं दिसतील. वीस वर्षांचे ठराव असे हातचे गेले तर वार्षिक सभेत दाखवायचं काय?

आणखी एक. लॅपटॉपमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर कुठलीही सिस्टम घाला, रखडणारच. तिथे एसएसडी बसवली की फरक लगेच कळतो. जमलं तर रॅम पण वाढवा.

हे कमिटीत बसून ठरवा. सेक्रेटरी आणि रोज टायपिंग करणारी व्यक्ती दोघांना पेन ड्राइव्हवर चालवून बघू द्या. ज्याला रोज त्यावर बसायचं, त्याला जमलं पाहिजे. मगच जुनी सिस्टम पुसा.