जिमचा काटा आणि काकांची वही

"डॉक्टरसाहेब, तुमचा काटा खोटा आहे जी!"

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शुक्रवारची संध्याकाळ होती. माझ्या कामठीच्या दवाखान्यात एक काका आले. वय सत्तरीच्या जवळ. जिन्याच्या चार पायऱ्या चढून आले तर बाकावर बसून पाच मिनिटे नुसते धापा टाकत होते. त्यांचे हृदय अशक्त आहे हे मला ठाऊक होते. दोन महिन्यांपूर्वीच नागपूरच्या इस्पितळातून ते घरी आले होते. मी त्यांना काट्यावर उभे केले. आकडा आला ७१.४ किलो. त्यावर काकांचे वरचे वाक्य!

"आज सकाळीच जिममध्ये मोजून आलो. अडुसष्ट किलो तीनशे भरलो. तुमचा काटा तीन किलो जास्त दाखवून राहिला," असे म्हणून त्यांनी खिशातून छोटी वही काढली. काका शिस्तीचे माणूस. इस्पितळातून सुटी देताना त्यांना सांगितले होते की रोज सकाळी वजन करून लिहून ठेवा आणि तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढले तर तडक डॉक्टरांना दाखवा. घरी काटा नव्हता. गल्लीच्या तोंडाशी जिम आहे, तिथला मुलगा ओळखीचा. "तिथेच रोज वजन करा की," हा सल्ला मीच दिला होता.

वहीत त्या आठवड्याचे आकडे होते. सोमवार ६८.२, मंगळवार ६८.४, बुधवार ६६.७, गुरुवार ६७.६, शुक्रवार ६८.३. बुधवारी वजन उतरलेले पाहून काका खूश झाले होते. पुढे ते पुन्हा नेहमीच्या आकड्यावर आले, म्हणजे काळजीचे काही नाही, असा त्यांचा हिशेब.

मी त्यांच्या नडगीवर बोट दाबले. बोट काढल्यावर खड्डा तसाच राहिला. दोन रात्री ते तीन उशा घेऊन झोपत होते. छातीला नळी लावली तर दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी पाण्याचा आवाज. अंगात पाणी साठले होते, आणि वही सांगत होती की सर्व ठीक आहे! त्याच वेळी गाडी करून त्यांना नागपूरला पाठवले. वेळेवर पोहोचले, सुया देऊन पाणी काढले, चार दिवसांनी घरी आले. पण हे आणखी दोन दिवस आधी कळायला हवे होते.

मग खोटे कोण बोलले? माझा काटा, जिमचा काटा, की काकांचे शरीर?

रबराच्या चटईची करामत

दुसऱ्या दिवशी मी त्या जिममध्ये गेलो. काटा डिजिटल, दिसायला चांगला. पण तो व्यायामाच्या जागी, काळ्या जाड रबरी चटईवर ठेवलेला. "आधी कुठे होता?" मी विचारले. "काऊंटरजवळ फरशीवर होता सर. मंगळवारी नवीन मशिन आली, म्हणून इकडे सरकवला."

मी चटईवरच उभा राहिलो. ७३.१. तोच काटा फरशीवर ठेवून पुन्हा उभा राहिलो. ७५.३! दोन मिनिटांत माझे वजन दोन किलोंहून अधिक वाढले.

यात जादू नाही. अशा काट्याच्या चार पायांत धातूच्या बारीक पट्ट्या असतात. भार पडला की पट्टी किंचित वाकते, तिच्यातून वाहणाऱ्या विजेला होणारा विरोध बदलतो आणि त्यावरून यंत्र वजन काढते. म्हणजे तुमचा सगळा भार त्या चार पायांतूनच जमिनीवर गेला पाहिजे. मऊ चटईवर पाय रुततात, काट्याचे पोट चटईला टेकते आणि थोडा भार पायांना चुकवून परस्पर खाली जातो. तो भार यंत्राला कळतच नाही. जुन्या स्प्रिंगच्या काट्यांचे तळ गालिचावर वाकतात आणि ते वेगळ्याच तऱ्हेने चुकतात, कित्येकदा जास्तही दाखवतात. म्हणून काटा कोणताही असो, तो कडक आणि सपाट फरशीवरच हवा.

आता काकांची वही पुन्हा वाचा. बुधवारपासूनच्या प्रत्येक आकड्यात सुमारे २.२ किलो मिळवा. ६८.२, ६८.४, ६८.९, ६९.८, ७०.५. तीन दिवसांत २.१ किलोंची वाढ! धोक्याची घंटा वाजत होती, चटईने तिचा आवाज दाबून टाकला.

माझाही काटा तपासला

पण काकांचा आरोप माझ्या काट्यावर होता, तेव्हा त्याचीही परीक्षा घेणे भाग होते. माझ्या काट्यावर माझे वजन भरले ७५.९. जिममध्ये फरशीवर ७५.३. दोघांत खरा कोण?

वाचकहो, यासाठी कंपनीचा माणूस बोलवावा लागत नाही. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा कायद्याने दर वर्षी वैधमापन खात्याकडून तपासून त्यावर मुद्रा उमटवून घ्यावी लागते. पडताळणीचे प्रमाणपत्र दुकानात दर्शनी भागी लावायचे असते. मी ते प्रमाणपत्र पाहिले, त्या काट्यावर पिशवीसकट बरोबर २० किलो तांदूळ मोजून घेतला आणि दवाखान्यात आणला. आधी एकटा उभा राहिलो, मग पिशवी घेऊन. फरक यायला हवा होता २० किलो, आला २०.२. जिमच्या काट्याने फरशीवर बरोबर २० दाखवले. म्हणजे जिमचा काटा चांगला होता, फक्त जागा वाईट होती. आणि माझा काटा शंभरात पाऊण-एक किलो जास्त सांगत होता. कित्येक वर्षांत मी तो तपासला नव्हता. काका अगदीच चूक बोलत नव्हते!

तरीही एक गोष्ट लक्षात घ्या. माझा काटा चुकीचा होता, पण रोज सारखाच चुकत होता. अशा काट्यावर वजन दोन किलोंनी वाढले तर ते दोन किलोच वाढलेले दिसते. जिमचा काटा बरोबर होता, पण जागा बदलताच तो निरुपयोगी झाला. वजनावर लक्ष ठेवायचे असेल तर काटा थोडा चुकतो का, यापेक्षा तो रोज सारखाच वागतो का, हे जास्त महत्त्वाचे.

शरीरही एका जागी उभे नसते

काटा निर्दोष असला तरी आकडा हलतो, कारण शरीर हलते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोन तांबे पाणी पिऊन काट्यावर उभे राहिलात की किलोभर वाढणारच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. अशा दिवशी तासभर व्यायाम केला तर घामावाटे एक लिटर पाणी सहज जाते. जिममधून बाहेर पडताना काटा एक किलो कमी दाखवतो तो हाच. ती चरबी नव्हे. घरी येऊन पाणी प्यालात की तो किलो परत येतो, आणि आलाच पाहिजे.

रात्री सावजी रश्शावर ताव मारला की मीठ शरीरात पाणी धरून ठेवते. सकाळी वजन किलोभर जास्त! घाबरू नका. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. एवढे गरजेपेक्षा जास्त एका रात्रीत खाणे कोणाला जमत नाही. उलट उपास किंवा डाएट सुरू केले की पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो झपाट्याने उतरतात. शरीरात पिठूळ साखरेचा साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. साठा संपला की पाणीही जाते. त्या उतरलेल्या वजनात चरबी थोडी, पाणी फार. स्त्रियांचे वजन पाळीच्या आधी वाढते तेही पाण्यामुळे.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधली विनेश फोगाटची गोष्ट आपण विसरलेलो नाही. ६ ऑगस्टला तीन कुस्त्या जिंकल्यानंतर, थोडे अन्न-पाणी पोटात गेल्यावर, तिचे वजन ५० किलोंच्या मर्यादेपेक्षा २.७ किलो अधिक भरले. भारतीय पथकाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी, मुंबईचे डॉ. दिनशॉ परडीवाला यांनीच हे सांगितले. रात्रभर घाम गाळला, केसही कापले. तरी ७ तारखेच्या सकाळी काटा १०० ग्रॅमने पुढे राहिला आणि अंतिम कुस्ती हातची गेली. जगातल्या उत्तम खेळाडूचे वजन एका दिवसात एवढे खालीवर होते, तर तुमच्या-माझ्या किलोभराचे काय घेऊन बसलात!

तुमच्या जिमचा काटा असा तपासा

१) काटा कडक, सपाट फरशीवर आहे का ते पाहा. डुगडुगत असेल तर जागा बदला.

२) उभे राहण्यापूर्वी शून्य दिसले पाहिजे. बॅटरी उतरली असेल तर बदलायला सांगा.

३) लागोपाठ तीनदा उतरून-चढून पाहा. तिन्ही आकड्यांत १००-२०० ग्रॅमपेक्षा जास्त फरक नको. थोडे पुढे, थोडे मागे उभे राहूनही पाहा.

४) भरलेली एक लिटरची बाटली हातात घ्या. आकडा सुमारे एक किलोने वाढला पाहिजे. काही घरगुती काटे मागचा आकडा लक्षात ठेवतात आणि थोडा फरक असला तर तोच पुन्हा दाखवतात. अशा वेळी बाटली घेऊनही आकडा जागचा हलत नाही.

५) किराणा दुकानातून मोजून आणलेल्या २० किलोंची परीक्षा वर सांगितलीच आहे. जिममधल्या लोखंडी थाळ्यांवर मात्र विसंबू नका. थाळीवर २० किलो छापलेले असले तरी आत तेवढे असतेच असे नाही.

कित्येक जिममध्ये आता चरबी, स्नायू, हाडे, पाणी असे सगळे छापून देणारे यंत्र असते. ते पायांतून अगदी सौम्य वीज सोडून अंदाज बांधते. चरबी ते प्रत्यक्ष मोजत नाही. घाम गेला, पाणी प्यालात, की आकडे बदलतात. तेव्हा त्या चिठ्ठीवरून आनंद किंवा दुःख मानू नका. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी अशा यंत्रावर उभे राहू नये.

वजन कसे करावे?

काटा एकच ठेवा आणि त्याची जागाही एकच ठेवा. सकाळी उठून शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्या-पिण्यापूर्वी, हलक्या कपड्यांत वजन करा. जाड जीन्स, बूट आणि खिशातला मोबाईल मिळून दीड किलो सहज होतात. वजन उतरवायचे असेल तर आठवड्यातून एक-दोनदा मोजणे पुरे. एका आकड्याकडे न पाहता महिन्याभराचा कल पाहा. जोडीला कंबर मोजा. आपल्या लोकांत पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी. त्यासाठी शिंप्याचा टेप चालतो, आणि त्याला चटईची बाधा होत नाही!

मात्र दोन प्रकारच्या मंडळींनी आकडा हसण्यावारी नेऊ नये. एक, हृदय किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण. त्यांनी रोज मोजावे आणि आपल्या डॉक्टरांनी सांगितलेली मर्यादा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. घरी स्वतःचा काटा घेणे उत्तम. दोन, ज्यांचे वजन काहीही न करता उतरत आहे ते. सहा महिने ते वर्षभरात शंभरात पाच किलो या हिशेबाने वजन घटले आणि तुम्ही डाएटही केले नाही, व्यायामही वाढवला नाही, तर "बरे झाले, बारीक झालो" म्हणू नका. मधुमेह, क्षयरोग, थायरॉईड, कधी कर्करोगही असा चोरपावलांनी येतो. अशा वेळी काटा खरा की खोटा हा वाद घालत न बसता तपासणी करून घ्या. आणि आकडा काहीही असो, दम लागत असेल, पाय सुजत असतील, रात्री उशा वाढत असतील, तर आकड्यावर नव्हे, शरीरावर विश्वास ठेवा.

काका आता ठणठणीत नसले तरी बरे आहेत. मुलाने घरी काटा आणून दिला आहे. तो स्वयंपाकघराच्या फरशीवर ठेवलेला असतो आणि त्याला हात लावायची नातवांना बंदी आहे. परवा ते दवाखान्यात आले. वजन केले, वहीतल्या आकड्याशी ताडून पाहिले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमचा काटा आता बरोबर दाखवून राहिला जी. दुरुस्त केला काय?"

केला होता. त्यांच्यामुळेच.