पोर्टची नोंद कुणाच्या वहीत?

संगणकाकडे आलेला टीसीपी संदेश कोणत्या प्रोग्रॅमला द्यायचा, हे पोर्ट क्रमांकावरून ठरतं. क्रमांक १६ बिटांचा, म्हणजे ० ते ६५५३५. कोणता कुणी अडवलाय, याची नोंद ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल ठेवतो.

नेटवर्क सेकंदाला १० गिगाबिटपर्यंत पोचलं, तसा पोचपावत्या आणि क्रम सांभाळण्यातच प्रोसेसरचा बराच वेळ जाऊ लागला. मग टीसीपीचं काम नेटवर्क कार्डावर सोपवायची टूम निघाली. जेफ्री मोगल यांनी २००३ मध्ये या कल्पनेला शोधनिबंधाच्या शीर्षकातच मूर्खपणाची म्हटलं; पण तिची वेळ आता आली आहे, अशी पुस्तीही जोडली. ‘आयवॉर्प’ कार्डं तर टीसीपी स्वतः चालवून मजकूर थेट समोरच्या यंत्राच्या मेमरीत ठेवतात.

गोची अशी की कार्ड आणि कर्नल यांचा आयपी पत्ता एक आणि वह्या दोन. एसटीच्या एकाच गाडीचं आरक्षण दोन खिडक्यांवर वेगवेगळ्या तक्त्यांवरून व्हावं, तसं. कार्ड ५००० वर कान देऊन बसलेलं असतं. कर्नलच्या लेखी तो क्रमांक मोकळा, म्हणून तो दुसऱ्याच प्रोग्रॅमला मिळतो. संदेश आधी कार्डाच्या हाती पडतो, ते तो परस्पर उचलतं. प्रोग्रॅम बिचारा वाट बघत राहतो, आणि चूक झाल्याचं कुठे उमटतही नाही.

विंडोजच्या ‘चिमणी ऑफलोड’मध्ये हा पेच टळला होता, कारण जोडणी कर्नलच करायचा आणि मगच ती कार्डाकडे द्यायचा. आयवॉर्पला वेगळा आयपी देणं हाही उपाय, पण तो पाळणं व्यवस्थापकाच्या शिस्तीवर. २००७ मध्ये लिनक्ससाठी कर्नलच्याच वहीतून पोर्ट घेण्याचा बदल सुचवला गेला. नेटवर्क विभाग सांभाळणारे डेव्हिड मिलर यांनी तो अडवला. त्यांचं म्हणणं: कर्नलची फायरवॉल आणि कर्नलमधल्या दुरुस्त्या कार्डापर्यंत पोचत नाहीत. अशा कार्डांना आत जागा कशाला द्यायची? आक्षेप रास्त होता, पण टक्कर होती तिथेच राहिली.

पुढे आला तो ‘पोर्ट मॅपर’ मला फार आवडतो. कर्नलबाहेर चालणारी ही सेवा साधं सॉकेट, म्हणजे प्रोग्रॅमचं नेटवर्ककडचं दार, उघडते, कुठलाही मोकळा पोर्ट मागून घेते आणि त्यावर काहीही न ऐकता तो नुसता अडवून ठेवते. तोच क्रमांक कार्ड वापरतं. समोरच्या यंत्राला यूडीपीवरून कळवलं जातं, ‘५००० मागितलात, पण खरा पोर्ट हा.’ मात्र सेवा दोन्ही टोकांना चालू हवी, आणि ती मध्येच मेली तर तिची सॉकेट बंद होऊन अडवलेले क्रमांक कर्नलच्या लेखी पुन्हा मोकळे होतात.