कडबा एकच, आम्लं तीन, खाणारे अनेक

नागपूर-वर्धा पट्ट्यातली गवळाऊ गाय कडबा खाते, पण त्यातले तंतू तिला स्वतःला पचवता येत नाहीत. कोटीपोटातले सूक्ष्मजीव ते आंबवतात आणि अ‍ॅसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी छोटी आम्लं सोडतात. गाईची सुमारे ७० टक्के ऊर्जा यातूनच येते!

पुढची वाटणी मला फार विलक्षण वाटते. अ‍ॅसिटिकपासून दुधातली चरबी तयार होते. प्रोपिऑनिक यकृतात जातं, ब-१२ जीवनसत्त्वाच्या मदतीनं त्याचं ग्लुकोज होतं आणि त्यातूनच दुधाची साखर बनते. अ‍ॅसिटिकपासून मात्र गाईला साखरेची भर घालता येत नाही, आपल्यालाही नाही. कोंब फुटणारा भुईमूग तेल तोडून मिळालेल्या अ‍ॅसिटिक तुकड्यांची साखर सहज करतो. ग्लायॉक्झिलेट चक्र नावाचा हा मार्ग कॉर्नबर्ग आणि क्रेब्ज यांनी १९५७ मध्ये उलगडला. अनेक जिवाणूंकडेही तो आहे.

आपल्या मोठ्या आतड्यातही भाकरी-डाळीचे तंतू आंबतात. तिथल्या अस्तराच्या पेशींचं आवडतं इंधन म्हणजे ब्युटिरिक.

आणि गोबरगॅस? तिथे काही जिवाणू प्रोपिऑनिक-ब्युटिरिक तोडून अ‍ॅसिटिक आणि हायड्रोजन करतात, मग मिथेन बनवणारे आर्किया नावाचे सूक्ष्मजीव ते संपवतात. हे आर्किया सावकाश वाढतात. म्हणून टाकीत एकदम खूप शिळं अन्न ओतलं की आम्लं साचतात आणि गॅस थांबतो. घरी संयंत्र असेल तर अन्न थोडं थोडंच घाला.