नैसर्गिक संसाधनांवर जगणारे समाज आणि माहितीचे जाळे

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी सांगता येतील :
१. सामाजिक जाळे म्हणजे काय व त्यातील दुव्यांचे प्रकार कोणते.
२. तलाव, जंगल किंवा समुद्र यांविषयीची माहिती कोठे वाहते आणि कोठे अडते.
३. अडलेली माहिती मोकळी करण्याचे मार्ग.

प्रस्तावना

लखनौच्या तेलीबाग भागात राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो ही संस्था आहे. १९८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेत देशातील माशांच्या जातींची शास्त्रीय नोंद ठेवली जाते. पण एखाद्या तलावात मरळ कोठे अंडी घालते, शिंगी कोणत्या पाणवनस्पतीच्या आडोशाला राहते, पहिल्या पावसात चढणीचे मासे कोणत्या ओहोळाने वर जातात, हे त्या तलावावर जगणाऱ्या माणसाला ठाऊक असते. ही माहिती कागदावर क्वचितच येते. ती कोणाकडून कोणाकडे जाते, यावर संसाधनाचे भवितव्य बरेचसे अवलंबून असते.

मूळ संकल्पना

सामाजिक जाळ्यात प्रत्येक व्यक्ती हा एक बिंदू आणि दोन व्यक्तींमधील संपर्क हा दुवा मानतात. दुवे दोन प्रकारचे असतात.

*घट्ट दुवे :* नातेवाईक, शेजारी, एकाच डोंग्यावरचे सोबती. येथे विश्वास जास्त असतो. मात्र सगळ्यांना साधारण तेच माहीत असते.

*सैल दुवे :* कधीतरी भेटणारे ओळखीचे लोक. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखवून दिले की नवी माहिती बहुधा याच वाटेने येते, कारण हे लोक वेगळ्या वर्तुळात वावरतात.

दोन वेगळ्या गटांना जोडणाऱ्या व्यक्तीला आपण सेतू-व्यक्ती म्हणू. ती बाजूला झाली, तर दोन्ही गट एकमेकांपासून तुटतात.

उदाहरण : पूर्व विदर्भातील मामा तलाव

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत जुने तलाव मोठ्या संख्येने आहेत. त्यांतील अनेक कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले. १९५० नंतर मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव सरकारकडे गेले. म्हणून ते 'माजी मालगुजारी' म्हणजेच 'मामा' तलाव.

आता एका तलावाभोवतीची माणसे पाहा. शेतकऱ्याला धानासाठी पाणी केव्हा सुटेल हे कळते. ढिवर समाजातील मासेमाराला मासा कळतो. काठावर काम करणाऱ्या बायांना कोणती वनस्पती कोठे उगवते हे माहीत असते. मत्स्यबीज आणि ठेक्याचे नियम सरकारी खात्याकडून सहकारी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांपर्यंत येतात. प्रत्येकाजवळ एकेक तुकडा आहे. पूर्ण चित्र कोणाजवळच नाही.

याचा परिणाम काय होतो? गवत्या मासा पाणवनस्पती खातो आणि सायप्रिनस तळ उकरतो. असे मासे भरमसाट सोडले की वनस्पती कमी होतात आणि देशी माशांची अंडी घालण्याची जागा जाते. काठावर बेशरम माजली, तर तलाव आणखी आक्रसतो. हा ऱ्हास जाळे टाकणाऱ्याला सर्वांत आधी दिसतो. मात्र बीज कोणते सोडायचे हे ठरवणाऱ्यापर्यंत त्याचा दुवा नसेल, तर ते दिसणे वाया जाते.

या भागात ढिवर मासेमार, स्त्रियांचे गट आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या संस्था एकत्र आल्या, तेव्हा हे तुकडे जुळू लागले. बेशरम उपटणे, उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरणे, पावसाळ्यात देशी पाणवनस्पती लावणे ही कामे झाली. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते हे मासेमारांनी सांगितले. तिची शास्त्रीय ओळख अभ्यासकांनी पटवली.

तुलना : केनियाचा किनारा

बिआट्रिस क्रोना व ओर्यान बोदिन यांनी केनियातील एका मच्छीमार गावाचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. तेथे एकाच प्रकारचे साधन वापरणारे लोक मुख्यतः आपसांतच बोलत. सर्वाधिक संपर्क असलेल्या व्यक्ती बहुतांशी खोल समुद्रात जाणाऱ्या गटातील होत्या. किनाऱ्याजवळचा बदल त्यांच्या रोजच्या अनुभवात नव्हता. त्यामुळे गावाने मिळून पाऊल उचलले नसावे, अशी शक्यता संशोधकांनी मांडली. यातून लक्षात घ्या : नुसते दुवे पुष्कळ असून भागत नाही, मध्यभागी कोण आहे हेही पाहावे लागते.

मार्ग : अभ्यासगट आणि ग्रामसभा

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने यासाठी एक साधी रीत घातली. अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा, बाहेरच्या जाणकारालाही बोलवायचे. निर्णय मात्र ग्रामसभेत सर्वसहमतीने घ्यायचा. म्हणजे सैल दुव्यांतून माहिती येते आणि घट्ट दुव्यांत ती पारखली जाते. वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी हे एक आहे.

सारांश

माहिती असणे आणि ती योग्य माणसापर्यंत पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घट्ट दुवे विश्वास देतात, सैल दुवे नावीन्य देतात, सेतू-व्यक्ती दोहोंना जोडतात. ज्याला ऱ्हास आधी दिसतो, त्याला निर्णयाच्या जागी बोलता आले पाहिजे.

स्वाध्याय

१. तुमच्या परिसरातील एक तलाव, नदी किंवा कुरण निवडा. त्यावर अवलंबून असलेल्या दहा जणांना विचारा : 'यात काही बदल दिसला, तर तुम्ही कोणाला सांगता?' उत्तरांवरून जाळ्याची आकृती काढा.
२. त्या आकृतीत सेतू-व्यक्ती कोण आहे? ती गाव सोडून गेली, तर काय होईल?
३. ज्याचे नाव कोणीच घेतले नाही अशी व्यक्ती शोधा. तिला काय माहीत आहे ते लिहा.