पावसाळी चराई आणि जनावरांचे आरोग्य

मृगाचा पाऊस पडून आठ-पंधरा दिवस झाले की माळरान हिरवे दिसू लागते. उन्हाळाभर कडब्यावर तग धरून राहिलेली गुरे व मेंढरे त्या कोवळ्या गवताकडे धाव घेतात, आणि आता वैरणीची ददात मिटली असे शेतकऱ्यास वाटते. परंतु याच दिवसांत गावोगावी जनावरे अकस्मात दगावतात. ज्याच्या दावणीला बैलांची एकच जोडी आहे, त्याचा एक बैल ऐन पेरणीत गेला तर त्या वर्षीचे पीकच धोक्यात येते. हा घाला दैवाचा नव्हे. त्यास निश्चित कारणे आहेत, आणि त्यांपैकी अनेकांवर पावसापूर्वीच उपाय करता येतो. ही गोष्ट घरोघरी पोचविण्यास शाळेसारखे दुसरे साधन नाही. कारण शाळा सुटल्यावर व रविवारी गुरांमागे जाणारी मुले वर्गातच बसलेली असतात.

पावसाळ्यातील प्रमुख रोग

घटसर्प हा गाईबैलांना, व त्यांहूनही अधिक म्हशींना होणारा जिवाणूजन्य रोग होय. नाव एक असले तरी मुलांना होणाऱ्या घटसर्पाशी याचा संबंध नाही. जनावरास एकाएकी तीव्र ताप येतो, गळ्याखाली सूज येते, लाळ गळते आणि श्वास घेताना घरघर होते. पुष्कळदा एका दिवसातच जनावर मरते. म्हणून गळ्यास डाग देण्यात किंवा उतारा टाकण्यात घालविलेला प्रत्येक तास घातक ठरतो.

फऱ्या हा रोग विशेषतः सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या धष्टपुष्ट गोऱ्ह्यांना व कालवडींना होतो. मागच्या वा पुढच्या फऱ्यावर सूज येते, जनावर लंगडते, आणि सूज दाबली असता चरचर असा आवाज येतो. या रोगाचे बीजाणू जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहतात. त्यामुळे ज्या शिवारात हा रोग एकदा आला तेथे तो पुनःपुन्हा उद्भवतो.

मेंढरांतील आंत्रविषाराचे कारण वेगळे आहे. त्याचे जिवाणू निरोगी मेंढीच्या आतड्यातही अल्प प्रमाणात असतात. कोवळे गवत एकदम भरपेट खाल्ले की ते झपाट्याने वाढतात व विष निर्माण करतात. आदल्या सायंकाळी चांगले चरलेले कोकरू सकाळी मेलेले आढळते ते यामुळे.

फाशी हा रोग जनावरांपासून माणसासही होतो, म्हणून त्याची माहिती प्रत्येक मुलास असणे अवश्य आहे. जनावर अकस्मात मरते, आणि नाकातोंडातून व गुदद्वारातून काळसर, न गोठणारे रक्त येते. असे मढे फाडू नये, सोलू नये, ओढत नेऊ नये. रक्तातील जंतूंना हवा लागली की त्यांचे चिवट बीजाणू बनतात व माती दीर्घकाळ दूषित होते. पशुवैद्यास तत्काळ कळवावे, आणि त्यांच्या देखरेखीखाली मढे खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे.

गवत आणि पाणी

रोगजंतूंखेरीज चाऱ्यापासूनही अपाय संभवतो. पावसाने ओढ दिल्यामुळे खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्ल हे विष तयार होते. अशा शेतात शिरलेले जनावर काही मिनिटांत थरथरून कोसळते. ज्वारी फुलोऱ्यावर येईपर्यंत तीत गुरे सोडू नयेत. पहिल्या दिवसांत गुरे बाहेर काढण्यापूर्वी थोडा कडबा खाऊ घालावा, म्हणजे ती कोवळ्या गवतावर तुटून पडत नाहीत व पोटफुगी टळते.

डबक्यांच्या काठची चराई यकृतातील चपट्या कृमींना आमंत्रण देते. कृमीची अंडी शेणावाटे पाण्यात जातात, अंड्यातून निघालेला जीव गोगलगाईच्या शरीरात वाढतो, पुढे काठच्या गवतास चिकटतो आणि त्या गवताबरोबर पुन्हा जनावराच्या पोटात शिरतो. हे चक्र फळ्यावर सहज काढून दाखविता येते. जबड्याखाली येणारी मऊ सूज व दिवसेंदिवस खंगत जाणे ही त्याची लक्षणे होत.

मेंढरांना चिखल सोसत नाही. त्यात त्यांचे खूर सडतात. पठारावरील धनगर दिवाळीनंतर कळप कोकणात उतरवितात आणि पावसापूर्वी पुन्हा कोरड्या माळावर आणतात. त्यांच्या या रीतीमागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे.

लसीचे सामर्थ्य

१८८१ साली लुई पाश्चर यांनी फ्रान्समधील पुयी-ल-फोर येथे मेंढरांचे दोन गट करून एकास फाशीची लस टोचली. पुढे दोन्ही गटांस रोगाचे जंतू टोचले असता लस दिलेली मेंढरे जगली व न दिलेली मेली. आपल्याकडेही बुळकांडीने एके काळी गोठेच्या गोठे रिकामे केले होते. तिच्या निर्मूलनाची राष्ट्रीय योजना भारतात १९५४ साली सुरू झाली, आणि २०११ साली हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे घोषित झाले. जे बुळकांडीबाबत साधले ते लसीकरणाच्या चिकाटीने साधले.

घटसर्प, फऱ्या व आंत्रविषार यांवरही लसी आहेत. मात्र लस टोचल्यावर शरीरात प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास दोन-तीन आठवडे लागतात. त्यामुळे पाऊस सुरू होण्यापूर्वीच ती टोचून घेतली पाहिजे. तिच्या आठ-दहा दिवस आधी जंतनाशक औषध पाजावे.

शाळेत करावयाचे कार्य

लस टोचण्याचा काळ हा नेमका शाळेच्या सुटीचा काळ असतो. म्हणून लसीकरणाचा पाठ मार्च-एप्रिलमध्येच घ्यावा. प्रत्येक मुलाने घरच्या जनावरांची यादी करावी. कानात बिल्ला असल्यास त्यावरील १२ अंकी क्रमांक लिहावा, आणि पुढे जंतनाशक व लस दिल्याच्या तारखांसाठी रकाने मोकळे ठेवावेत. सुटीत ते रकाने भरले जावेत, म्हणून घरच्या वडीलधाऱ्यांस यादी वाचून दाखविण्यास सांगावे.

जूनमध्ये शाळा उघडताच दुसरा पाठ निरीक्षणाचा असावा. निरोगी जनावराच्या नाकाडावर ओलावा असतो, ते कान हालविते व निवांतपणे रवंथ करते. जे कळपामागे राहते, रवंथ थांबविते, लंगडते किंवा मान खाली घालून उभे राहते, त्यास त्याच वेळी वेगळे बांधावे आणि पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. ही लक्षणे घरी बसलेल्या माणसाच्या आधी गुराख्याच्या दृष्टीस पडतात. ती ओळखण्यास शिकलेले मूल सायंकाळची वाट न पाहता घराकडे धाव घेईल, आणि घटसर्पासारख्या रोगात तेवढ्या काही तासांवरच जनावराचा जीव अवलंबून असतो.