तीन बचावपटू पुरतात का?

मंडळी, पुरतात, पण तिघांच्याच जिवावर नाही. चेल्सीचं बघा. सप्टेंबर 2016 मध्ये आर्सेनलनं त्यांना 3-0 असं धुतलं. त्याच सामन्यात प्रशिक्षक कोन्तेंनी मागे तिघे ठेवले, आणि पुढच्या सामन्यापासून लीगमध्ये सलग 13 विजय! मागे आझ्पिलिक्वेता, लुईझ, केहिल. खरी मेहनत मात्र कडेच्या दोघांची, मोझेस आणि अलोन्सोची. चेंडू आपल्याकडे असला की दोघे पुढे. गेला की धावत मागे, म्हणजे बचाव पाच जणांचा. मोझेस तर मुळात विंगर, बचावपटू नव्हेच! हे दोघे दमले की तिघांच्या दोन्ही बाजू उघड्या पडतात आणि प्रतिस्पर्धी तिथेच घुसतो. म्हणून मी सामना बघताना आधी कडेचे दोघे बघतो. त्या मोसमात चेल्सीनं 93 गुणांसह विजेतेपद मिळवलं.